कडूच्या गोष्टीचा शेवट

मिरजगावच्या एसटी स्टँडवर कानिफनाथ कंट्रोलरचा आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांच्या कानात तो अजून आहे. स्टँड बेताचंच, चार फलाट, एक कँटीन आणि कंट्रोलरची जाळीची खोली. पण कानिफनाथ भोंग्यातून बोलायचे ते असं, की गाडीची वाट बघून वैतागलेला माणूसही जरा निवायचा. "नगरहून सोलापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. प्रवाशांनी घाई करू नये. जागा आहे." यातलं 'जागा आहे' हे त्यांनी पदरचं घातलेलं होतं. गाडीत पाय ठेवायला जागा नसली तरी ते म्हणायचे. साहेबांनी एकदा हटकलं, तर म्हणाले, "साहेब, माणसं आपसूक जागा करत्यात. नुसतं सांगावं लागतं."

त्या जाळीतून त्यांनी उभा जन्म माणसं बघितली. दसरा झाला की कर्जत, पाथर्डीकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघायच्या. बऱ्याच ट्रकनं, ट्रॅक्टरनं जायच्या, पण काही एसटीनं निघायच्या आणि मागं राहणारी माणसं त्यांना पोचवायला स्टँडवर यायची. कोयते, भांड्यांची गोणी, पाय बांधलेली कोंबडी. आणि गाडी हलली की फलाटावर उरायची ती म्हातारी माणसं आणि लेकरं. एका वर्षी कानिफनाथांनी एक पोरगी बघितली. आठ-नऊ वर्षांची असेल. कडेवर भाऊ. गाडी गेली, धुरळा बसला, तरी ती तशीच उभी. मग भावाचं नाक फ्रॉकच्या टोकानं पुसून ती चालायला लागली. एवढंच. पण ती पोरगी काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही. घरी बायकोला, चांगुणाला, त्यांनी वीस वेळा तरी सांगितलं असेल. "तिच्यावर कादंबरी लिवायची हाय मला," असं म्हणायचे. चांगुणा "लिवा की" म्हणायची आणि भाकरी उलटायची.

रिटायर झाल्यावर त्यांनी खरंच लिहायला घेतलं. कागदावर कागद झाले. कुठला प्रसंग आधी, कुठला नंतर, काही ताळमेळ लागेना. एकदा तर गोष्टीतली आजी मेल्यावर दोन पानांनी परत दळायला बसली. त्यांची मुलगी दिपाली नगरला सावेडीत राहते, तिथं एका कॉम्प्युटर क्लासात शिकवते. ती सुट्टीला आली तेव्हा हा पसारा बघून हसली आणि पुढच्या खेपेला आपला जुना, पडद्यावर बोट लावून चालणारा लॅपटॉप घेऊन आली. त्यात तिनं कादंबरी लिहायचं सॉफ्टवेअर टाकलं होतं.

"अण्णा, हे बघा. हा फळा. यावर एकेक प्रसंगाचं एकेक कार्ड. मागंपुढं करायचं असलं की बोटानं धरून नुसतं ओढायचं. आणि कार्डावर दाबलं की आत पान उघडतं, तिथं सगळं सविस्तर लिहायचं."

"म्हंजे पत्त्याचा डावच की गं," कानिफनाथ म्हणाले, आणि तेव्हापासून त्या घरात त्या कार्डांना पत्तेच म्हणायला लागले.

माणूस साठीचा, पण एका बोटानं मराठी टाइप करायला शिकला. सकाळी चहा झाला की ओसरीवर लॅपटॉप उघडायचा. चांगुणा जेवायला हाक मारायची ती अशी, "पत्ते आवरा, ताट वाढलंय." शेजारणींना वाटायचं, कंट्रोलर साहेब म्हातारपणी जुगाराला लागले.

त्या सॉफ्टवेअरची एक खोड होती. गोष्टीतल्या प्रत्येक माणसाबद्दल ते प्रश्न विचारायचं. नाव काय, वय काय, त्याला काय हवंय, तो कशाला भितो. इंग्रजीत विचारायचं, दिपालीनं अर्थ मराठीत लिहून भिंतीला चिकटवला होता. पोरीचं नाव त्यांनी कडू ठेवलं. आधीची लेकरं जगली नाहीत की मागून झालेल्या पोरीला असं नाव ठेवतात, म्हणजे कुणाची नजर लागत नाही. बाकी प्रश्नांना ते अडायचे आणि चांगुणाला विचारायचे. कारण चांगुणाचे आईबाप तिच्या लहानपणी बेलापूरकडं तोडीला जायचे, आणि ती धाकट्या भावाला घेऊन मागं राहायची. हे त्यांना ठाऊक होतं. बोलणं मात्र त्याबद्दल कधी झालं नव्हतं.

"चांगुणा, कडूला भ्या कशाचं वाटत असंल?"

ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांजचं."

"सांजचं का? रातीचं न्हाई?"

"रातीला झोप लागती. सांजला दुसऱ्यांच्या घरातनं चुलीचा धूर निघतो. त्यो दिसतो."

कानिफनाथांनी बोट कीबोर्डावर ठेवलं ते तसंच राहिलं. मग हळूहळू एकेक अक्षर लिहिलं. चांगुणाला वाटलं, बाई, आपण हे काय बोलून गेलो. पण बरंही वाटलं. मग ती अशीच सांगत गेली. कधी बाजरी पाखडताना, कधी त्यांच्या पाठीला तेल लावताना. फळ्यावर पत्ते वाढत गेले. काय लिहिलंय ते तिनं कधी वाचायला मागितलं नाही. सातवी झालेली होती, वाचता येत होतं. पण पुरं झाल्यावर वाचू, असं तिचं म्हणणं.

एकदाच तिनं विचारलं, "मग शेवटी काय हुतं तिचं?"

"शेवट हाय माझ्या डोक्यात," ते म्हणाले. "पक्का हाय. पर आधी बोलून टाकला की लिवायची वढ जाती. तू बी वाचशील तवा कळंल."

फळ्याच्या शेवटाला एक रिकामा पत्ता होता. त्यावर नुसतं 'शेवट' लिहिलेलं होतं.

पौष महिना होता. सकाळी ते नळाशी दाढी करत होते. चांगुणाला ब्रश पडल्याचा आवाज आला, मग आरसा पडल्याचा. ती धावली तेव्हा ते भिंतीला टेकून खाली घसरत होते आणि अर्ध्या तोंडाला साबण होता. गावातल्या पोरांनी जीप काढली, नगरला नेलं. बरेच दिवस दवाखान्यात काढले. जीव वाचला. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालायचे. आणि वाचा गेली.

अगदीच गेली असं नाही. एक शब्द उरला. 'व्हय.'

भूक लागली तरी व्हय, पोट भरलं तरी व्हय. चहात साखर जास्त झाली का, व्हय. कमी झाली का, व्हय. कधी डोळ्यांत पाणी आणून, कधी हसून, कधी इतक्या जोरात की शेजारचं कुत्रं भुंकावं. आतमध्ये त्यांना सगळं समजतंय, असं डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, बरंच समजत असावं. किती, ते नक्की सांगता येणार नाही. चांगुणानं हे तिन्ही ऐकलं आणि तिच्या लक्षात आलं, की आता इथून पुढं आपणच काय ते ओळखायचं.

पाणी, लघवी, ऊन, सावली, एवढं ती ओळखायला शिकली. डोळ्यांवरून, भुवयांवरून. त्यापलीकडं काही चालेना. कधी ते एकदम तिचं मनगट धरायचे आणि काहीतरी सांगायला बघायचे. "व्हय… व्हय… व्हय." कपाळाची शीर तटतटायची. ती विचारायची, "दिपालीचं काय? बँकेचं? रानातलं? पाठ दुखती का?" प्रत्येकाला व्हय. शेवटी ते हात सोडून द्यायचे आणि भिंतीकडं तोंड करायचे. तिला वाटायचं, आपण दार न सापडणाऱ्या घराभोवती नुसतं फिरतोय.

लॅपटॉप तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता. उन्हाळ्यात दिपाली राहायला आली तेव्हा तिनं तो काढला, पुसला आणि बापापुढं उघडला. फळा दिसला, पत्ते दिसले, आणि कानिफनाथ खुर्चीतच सरळ झाले. डावा हात पुढं आला. बोट पडद्यावर टेकलं. "व्हय," ते म्हणाले, इतक्या हळू, की मायलेकी दोघी रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दिपाली म्हणाली, "आई, यात आता एक नवीन सोय आलीय. हे लिहिलेलं सगळं वाचतं आणि त्याच ढंगात पुढचं लिहून देतं. शेवटचा पत्ता रिकामाच आहे. बघूया का?"

"त्यांचा शेवट त्याला कसा कळंल?"

"कळणार नाही. पण अण्णांना आवडला तर?"

दिपालीनं बटण दाबलं. अक्षरं भराभर उमटत गेली, जणू आधीच कुठं लिहून ठेवली होती. कानिफनाथांना एक ओळ लिहायला अर्धी सकाळ लागायची. दिपालीनं मोठ्यानं वाचलं. कडू शिकते. रात्री दिव्याखाली अभ्यास करते, परीक्षा देते, मोठी अधिकारी होते. दसऱ्याच्या दिवशी सरकारी गाडीतून गावी येते आणि ज्या फलाटावर एकटी उभी राहिली होती तिथं उतरते. तिथं एक लहान मुलगी भावाला कडेवर घेऊन उभी असते. कडू तिच्या डोक्यावर हात ठेवते. पश्चिमेला आकाश लाल झालेलं असतं.

भाषा चांगली होती. चांगुणाला वाटलं, छान आहे. आणि मग वाटलं, ही कुणाची पोरगी?

कानिफनाथांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "व्हय. व्हय."

"बघ आई! आवडलं त्यांना."

"थांब," चांगुणा म्हणाली. ती नवऱ्यासमोर खाली बसली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अहो, हे राहू द्यायचं का?"

"व्हय."

"का काढून टाकायचं?"

"व्हय."

दिपालीनं लॅपटॉप मिटला. पण लिहिलेलं पुसलं नाही. ते एका बाजूला ठेवलं, आणि जाण्याआधी आईला सगळं शिकवलं: कसं उघडायचं, पत्ता कसा दाबायचा, आतलं पान कसं वाचायचं.

मग चांगुणानं नेम धरला. जेवणं झाली की ओसरीवर दोघं बसायची आणि ती एकेक पत्ता वाचून दाखवायची. पुरं झाल्यावर वाचू म्हणाली होती, ते असं वाचावं लागलं. आणि वाचता वाचता तिला आपलंच बोलणं भेटायला लागलं. चुलीचा धूर भेटला. भावाला ताप आला म्हणून त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवून रात्रभर गोठ्यात बसलेली कडू भेटली. ते तिनं कधी सांगितलं होतं हेही तिला आठवेना. काही असंही होतं जे तिनं सांगितलंच नव्हतं, तरी खरं होतं. आईबाप परत आले त्या दिवशी कडू त्यांच्याजवळ जात नाही, खांबाआड उभी राहते. हे ह्यांना कसं कळलं? तिनं मान वर करून विचारलं, "तुमाला कुणी सांगितलं वो हे?"

कानिफनाथांनी तोंड उघडलं. ओठ हलले. आणि एकदम, जुन्या भरदार आवाजात, स्पष्ट शब्द आले, "नगरहून सोलापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. प्रवाशांनी घाई करू नये. जागा आहे."

चांगुणाच्या हातातला लॅपटॉप पडता पडता राहिला. ती ओरडतच रस्त्यापर्यंत गेली, "ह्यांना बोलता आलं! ह्यांना बोलता आलं!" माणसं जमली. ओसरी भरली. सगळे म्हणायला लागले, बोला साहेब, बोला. कानिफनाथ सगळ्यांकडं बघत राहिले. स्वतःच्या आवाजानं त्यांचेच डोळे विस्फारले होते. "व्हय," ते म्हणाले.

नगरला बोलणं शिकवणाऱ्या पूजा मॅडमकडं तिनं त्यांना नेलं. मॅडम चांगल्या होत्या, समजावून सांगायच्या. म्हणाल्या, "आजी, जे हजारो वेळा म्हटलंय ते असं आपोआप बाहेर पडतं. आरती येते, पाढे येतात. पण ते मनातलं बोलणं नव्हे. त्यांना जे सांगायचंय त्याची वाट वेगळी आहे, आणि ती बंद झालीय."

"उघडंल का?"

मॅडमनी थोडी, सावकाश, प्रयत्न करत राहू, असे बरेच शब्द वापरले.

श्रावणात ते घडलं. चांगुणा दळण आणायला गेली होती. लॅपटॉप कानिफनाथांच्या पुढ्यात उघडाच होता. ती परत आली तेव्हा ते डाव्या हाताचं बोट पडद्यावर ओढत होते. कपाळावर घाम. आणि फळ्यावरचे सगळे पत्ते जागचे हलले होते. पहिला मधे गेला होता, मधला वर आला होता, दोन पत्ते एकावर एक चढले होते. चार वर्षांची मांडणी विस्कटून गेली होती.

तिनं आधी घाबरून लॅपटॉप ओढून घेतला. मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं. दमले होते, पण चेहरा निवांत होता. एखादं काम हातावेगळं केल्यासारखा.

दिपालीला फोन केला. "कशालाही हात लावू नको," ती म्हणाली. "जुनी मांडणी साठवलेली असते. मी इथून परत आणते."

"पर त्यांनी मुद्दाम केलं असंल तर?"

"मग राहू दे तसंच," दिपाली म्हणाली.

चांगुणानं त्या संध्याकाळी नव्या मांडणीनं वाचून बघितलं. पहिलाच पत्ता आता आईबाप परत येण्याचा होता, खांबाआडच्या कडूचा. मग गाडी निघून जाते तो. मग धूर. अशीच तर आठवते गोष्ट, तिला वाटलं. आधी शेवटचं आठवतं, मग पहिलं. पण पुढं गेल्यावर आजी वारलेली होती आणि त्याच्या पुढच्याच पत्त्यात ती भाकरी थापत होती. हे आठवणीतलं म्हणून ठेवलंय, का नुसतं बोट घसरलंय? रिकामा 'शेवट' पत्ता तर मधोमध येऊन बसला होता. ती बघत राहिली. अर्थ आहे म्हटलं की दिसायचा. नाही म्हटलं की नुसता पसारा.

पूजा मॅडमनी उपाय सांगितला. दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी दाखवा, बोट ठेवायला सांगा, वेगवेगळ्या दिवशी. एकाच मांडणीवर बोट ठेवत राहिले तर समजा तीच हवी. दिपालीनं तशी सोय करून दिली. पहिल्या दिवशी त्यांनी नव्या मांडणीवर बोट ठेवलं. चांगुणाला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी जुनीवर. तिसऱ्या दिवशी पुन्हा नवीवर, आणि मग लगेच जुनीवर. आठवडाभरानं तिनं परत विचारलं, "नीट बघा. कुठली तुमची?" तेव्हा त्यांनी डाव्या मुठीनं टेबलावर एवढ्या जोरात मारलं की चहाचा कप उलटला. "व्हय! व्हय! व्हय!" आणि लहान मुलासारखे हमसून रडायला लागले. तिनं चहा पुसला. त्यांचं नाक पुसलं. परत काही विचारलं नाही.

कर्जतचे काकासाहेब हेडमास्तर कानिफनाथांचे जुने दोस्त. निवृत्तीनंतर ते छोटी पुस्तकं काढायचे. ते भेटायला आले, दिपालीकडून सगळं वाचायला घेऊन गेले, आणि भारावून परत आले. "वहिनी, हे छापलं पाहिजे. आणि लवकर. त्यांच्या हातात पुस्तक आलं पाहिजे."

"पर पुरं कुठं झालंय?"

"दिपालीनं शेवट दाखवला मला. उत्तम आहे. वाचकाला उमेद मिळते."

"तो ह्यांनी लिवलेला न्हाई, भाऊजी."

"त्यांच्याच लिखाणावरून झालाय ना? अहो, शिष्य गुरूचं काम पुरं करतोच की."

त्या दिवशी दिपालीही आलेली होती. ती आईला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "आई, मला पण ते खटकतं. पण उद्या दुसरा झटका आला तर? अण्णांनी आयुष्यभर हे एकच मागितलं. अर्धं पुस्तक कोण छापतंय? मला त्यांच्या हातात ते बघायचंय गं." असं म्हणून पोरगी ओट्याला टेकून रडायला लागली. चांगुणा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मुलीचं चुकतंय असं म्हणायला तिच्याजवळ काय होतं? तिचा नवराच एक जाणत होता, आणि तो ओसरीवर बसलेला होता.

काकासाहेब त्यांच्यापुढं वाकले होते. "कानिफराव, छापूया ना?"

"व्हय."

"झालं! बघा वहिनी, लेखकाची परवानगी मिळाली." काकासाहेबांचे डोळे खरोखरच भरले होते.

चांगुणाला उलटा प्रश्न विचारता आला असता. छापू नको का, असं. त्यालाही काय उत्तर येईल ते तिला माहीत होतं. मग पुढं काय? सगळ्यांच्या तोंडावरचं हसू घालवून ती त्या दोन व्हयचं काय करणार होती? ती चहा ठेवायला आत गेली.

मिरजगावातल्या शाळेच्या हॉलमध्ये समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. स्टँडवरचे जुने ड्रायव्हर-कंडक्टर आले होते. कानिफनाथांना इस्त्रीचा सदरा घातला होता. पुस्तक त्यांच्या डाव्या हातात दिलं तेव्हा टाळ्या थांबेनात. त्यांनी मुखपृष्ठावरून अंगठा फिरवला. मग पुस्तक मांडीवर ठेवून पानं उलटायला लागले, मागून, शेवटाकडून. दोन-तीन पानांवर थांबले. मग मान वर करून त्यांनी गर्दीत चांगुणाला शोधलं. तिच्याकडं बघत राहिले. तिनं त्या नजरेत शोध शोध शोधलं. आनंद होता? विचारणं होतं? कुणीतरी फोटो काढायला मधे आलं आणि ती नजर तुटली.

पुस्तक गावात वाचलं गेलं. कुणाकुणाच्या पोरींनी शाळेत त्यावर भाषणं केली. चांगुणाच्या शेजारची सून, पंकजा, जिचे आईबाप अजून तोडीला जातात, ती एक दिवस येऊन म्हणाली, "मावशी, ती गाडीतनं उतरती ना, तितं मला लई रडू आलं. माझी पोरगी म्हणली, मी बी अशीच येनार." चांगुणानं तिला चहा दिला. "व्हय बाई, येऊ दे," म्हणाली. आणखी काय म्हणणार? रडू खरं होतं, पोरीची उमेद खरी होती.

एका दुपारी चांगुणा पुस्तक घेऊन बसली. तिनं ठरवलं होतं, की आपल्या घरातल्या प्रतीत तरी ह्यांचं लिखाण संपतं तिथं पेन्सिलीनं एक रेघ मारून ठेवायची. जगाला नको, पण घरात तरी कळावं. ती वाचत गेली आणि गोंधळली. छापण्याआधी काकासाहेबांनी जुनीच मांडणी धरून सगळं त्याच सॉफ्टवेअरमधून शुद्ध करून घेतलं होतं. 'हुतं'चं 'होतं' झालं होतं. 'सांजचं भ्या' गेलं होतं, 'संध्याकाळची भीती' आलं होतं. सगळी पानं एकसारखी गुळगुळीत. सरकारी गाडीचं पान ह्यांचं नाही हे तिला ओळखू आलं, दिव्याखालचा अभ्यासही नाही. पण त्याच्या आधीचं? भाऊ शाळेत जातो ते? कडू विहिरीवर एकटी गाणं म्हणते ते? ते ह्यांनी लिहिलं होतं का? एकदा वाटायचं, हो, ओसरीवर वाचलंय. पुन्हा वाचलं की वाटायचं, छे.

तिनं दिपालीला फोन लावला. लॅपटॉप आता तिच्याकडंच होता. "जुनं असंल ना गं त्यात? जसं त्यांनी लिवलं हुतं तसं?"

"असेल आई, शोधावं लागेल. क्लासच्या परीक्षा चालल्यात. पण आता कशाला? छान झालंय सगळं."

"बरं," चांगुणा म्हणाली. "सवडीनं बघ."

कानिफनाथ शेजारी बसून तिच्याकडं बघत होते. तिनं पेन्सिल त्यांच्या डाव्या हातात दिली, बोटं तिच्याभोवती मिटवली. पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडं ठेवलं. "तुमीच मारा," ती म्हणाली. "तुमचं कुठं संपतं तितं."

ते पानाकडं बघत राहिले. मग पेन्सिल टेकवली आणि एक वाकडी रेघ ओढली, ओळींवरून, आडवी. तिनं पान उलटलं. त्यावरही ओढली. पुढच्याही. फिजिओथेरपीवाल्यानं त्यांना रोज डाव्या हातानं रेघा ओढायला सांगितल्या होत्या, आणि ती रोज जुन्या वर्तमानपत्रावर ओढून घ्यायची. ही तीच कसरत होती, का ते सगळं पुस्तकच खोडत होते, का शोधत होते आपलं कुठं आहे ते? तिनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते ओठ दाबून, मन लावून रेघ ओढत होते.

हवेनं पानं उडायला लागली. रेघ हलू नये म्हणून चांगुणानं पुस्तकाची कड दोन्ही हातांनी दाबून धरली, आणि एक पान झालं की दुसरं उलटून देत राहिली.